ओझं उतरावं, हजेरी जाऊ नये

परवा गॅसची टाकी संपली. घरात मी एकटीच. टाकी आणणारा मुलगा घाईत होता, दारातच ठेवून गेला. मग तुम्ही-आम्ही सगळ्याच जे करतो तेच मी केलं. पदर खोचला, टाकी थोडी तिरकी केली आणि तिच्या खालच्या कडेवर गोल गोल फिरवत ओट्यापर्यंत नेली. ही युक्ती मला कोणी मुद्दाम शिकवली नाही. आईला करताना बघितलं होतं, एवढंच.

टाकीत गॅस असतो १४.२ किलो. लोखंडी टाकीचं वजन साधारण तेवढंच, किंवा थोडं जास्तच. म्हणजे भरलेली टाकी तीस किलोच्या आसपास. उचलायची म्हटली तर कमरेत कळ येते. पण तिरकी करून फिरवली, की बहुतेक भार जमीन घेते आणि आपण नुसता तोल सांभाळतो. जड सामान उचलायची जगातली सगळी यंत्रं याच एका गोष्टीसाठी निघाली. भार माणसाच्या अंगावरून काढायचा आणि दुसऱ्या कशावर तरी टाकायचा. आज मला त्या यंत्रांविषयीच लिहायचं आहे. 'क्रेन आणि फोर्कलिफ्ट हा काय बायकांच्या पुरवणीतला विषय झाला?' असं कुणी म्हणेल. मलाही चार वर्षांपूर्वी तसंच वाटलं असतं.

चार वर्षांपूर्वी आम्ही घरावर मजला चढवला. कामावर सात-आठ बायका होत्या. वाळू चाळायची, घमेल्यात माल भरायचा, डोक्यावर चुंबळ ठेवून त्यावर घमेलं घ्यायचं आणि कठडा नसलेल्या अर्धवट जिन्याने वर जायचं. ओल्या मालाचं घमेलं पंधरा-वीस किलोच्या घरात जातं. विटा आठ-दहा रचल्या की पंचवीस-तीस किलो. एके दिवशी मी गॅलरीत बसून एकीच्या खेपा मोजायला लागले आणि पन्नासच्या पुढे मोजणं सोडून दिलं. त्यातली एक ओली बाळंतीण होती. बाळ समोरच्या कडुनिंबाला बांधलेल्या झोळीत. मी दुपारी सगळ्यांना चहा द्यायची आणि आपण केवढं केलं, असं मनात म्हणायची.

स्लॅबच्या दिवशी मुकादमाने लिफ्टचं मिक्सर आणलं. वाळू, खडी, सिमेंट खाली टाकायचं, इंजिनावर ते कालवलं जातं आणि तारेच्या दोरावर चढणारी बादली माल वर नेऊन ओतते. मला फार बरं वाटलं. म्हटलं, सुटल्या बिचाऱ्या! पण पाहते तर काय, कामावर दोनच बायका आलेल्या.

"बाकीच्या कुठे गेल्या हो?" मी मुकादमाला विचारलं.

"ताई, आता लिफ्ट आली ना. बायांचं काय काम?"

"मग लिफ्टवरच एखादी बाई ठेवा की."

तो हसायलाच लागला. "बाई आन् मशीनवर? काहीतरीच बोलता ताई तुम्ही."

लिव्हर ओढणारा मुलगा विशीतला होता. त्याची हजेरी बायकांच्या दीडपट. शिक्षण म्हणाल, तर दोन महिने एका मिक्सरवाल्याबरोबर हिंडला होता. दोन महिन्यांत जे येतं ते त्या बाळंतिणीला आलं नसतं का? पण तिला कुणी विचारलंच नाही, आणि खरं सांगायचं तर मीही तो आग्रह पुढे रेटला नाही. घर माझं होतं, पैसे आमचे होते. मी ठामपणे म्हटलं असतं, तर मुकादमाला ऐकावं लागलं असतं. मी चहा करायला आत गेले.

आठवड्याने ती मला बाजारात भेटली. "कुठं काम दिसलं तर सांगा ताई," म्हणाली. मी म्हटलं, "अगं, पण एवढं ओझं अशा अवस्थेत..." तर म्हणते, "ओझ्याची सवय हाय मला. घरी बसून कसं भागायचं?" मला काही उत्तर सुचलं नाही.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. ओझं वाईट, हे खरंच. पण ओझ्याबरोबर मजुरीही उतरत असेल, तर त्या यंत्राला चांगलं म्हणायचं कसं?

ओझ्याने काय होतं, ते आधी सांगते, कारण आपण त्यावर बोलत नाही. मान आणि कंबर तर जातेच. पण बाळंतपणानंतर अंग भरून यायच्या आत जड उचललं, वर्षानुवर्षं उचललं, की अंग बाहेर येण्याचा धोका वाढतो. आमच्या महिला मंडळाच्या आरोग्य शिबिरात किती बायका हे दुखणं पदराआड लपवून येतात! डॉक्टरीणबाईंनी खोदून विचारल्यावर हळूच सांगतात. नवऱ्यालाही सांगितलेलं नसतं.

माणसाने किती उचलावं याचा विचार झालेलाच नाही, असं मात्र नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यातच इजा होईल एवढं वजन कुणालाही उचलायला लावू नये, असं कलम होतं आणि नियमांमध्ये प्रौढ बाईसाठी ३० किलोची मर्यादा घातली होती. म्हणजे बरोबर आपली गॅसची टाकी! अमेरिकेतल्या कामगार आरोग्याच्या सरकारी संस्थेने १९९१ साली हिशोब मांडला. सगळं अनुकूल असलं, वजन अंगाजवळ असलं, वाकायला-वळायला लागत नसलं, तरी हाताने उचलायला २३ किलो पुरे. आपल्याकडे सिमेंटची गोणी मात्र ५० किलोची. युरियाची गोणी २०१८ मध्ये ५० वरून ४५ किलोवर आली, तीही शेतकऱ्याने खत कमी वापरावं म्हणून. पाठीवर घेणाऱ्याचा विचार त्यात नव्हता.

महाराष्ट्राने या बाबतीत एक मोठं काम केलं आहे, ते विसरता येणार नाही. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या गोदीत आणि बाजारांत पाठीवर ओझी वाहणाऱ्यांना एकत्र केलं. पुण्यात डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. या चळवळींच्या रेट्यातून १९६९ साली माथाडी कायदा आला. ज्याला कोणी मालक नव्हता, अशा हमालाला मंडळ मिळालं, नोंदणी मिळाली, फंड मिळाला. क्विंटलचं पोतं पाठीवर घेणारे हमाल माझ्या लहानपणी मी बघितलेत. ते पोतं अर्ध्यावर आणायलाही हमालांना भांडावं लागलं. यंत्राच्या आधी माणसांनी ओझं कमी केलं ते असं, एकजुटीने.

आता यंत्राकडे वळते. ही यंत्रं मला कळायला लागली तेव्हा मला गंमत वाटली, कारण त्यातलं बरंचसं आपल्या घरातच असतं. विहिरीचा रहाट घ्या. एका कप्पीने वजन कमी होत नाही, पण वर ओढण्याऐवजी आपण खाली ओढतो, अंगाचा भार कामी येतो. दुसरी, वजनाबरोबर हलणारी कप्पी लावली की जोर निम्माच लागतो, दोर मात्र दुप्पट ओढावा लागतो. फुकट काहीच मिळत नाही! गॅरेजमध्ये इंजिन उचलायला जी चेनपुली टांगलेली असते, तिचं तत्त्व हेच.

दुसरी युक्ती तेलाच्या दाबाची. १७९५ साली इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा यांनी पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचं पेटंट घेतलं. बारीक नळीत थोडा जोर लावायचा, तो दाब मोठ्या नळकांड्यात जाऊन मोठं वजन उचलतो. बारीक नळीतला दट्ट्या पुष्कळ खाली जातो, तेव्हा मोठा दट्ट्या जरासाच वर येतो. १८४६ मध्ये विल्यम आर्मस्ट्राँग यांची पाण्याच्या दाबावरची क्रेन न्यूकॅसलच्या धक्क्यावर चालू लागली. आज आपल्या गावात जेसीबीचा जो हात वर-खाली होतो, तो तेलाच्या दाबावरच. 'जेसीबी' हे खरं म्हणजे कंपनी काढणाऱ्या जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांचं नाव. १९४५ साली त्यांनी छोट्या जागेत काम सुरू केलं, १९७९ पासून ती यंत्रं भारतात बनायला लागली आणि आता आपण कुठल्याही पिवळ्या यंत्राला जेसीबीच म्हणतो. वनस्पती तुपाला सगळे डालडा म्हणायचे ना, तसंच.

गोदामातली फोर्कलिफ्ट म्हणजे पुढे दोन लोखंडी जिभा असलेली गाडी. १९१७ साली अमेरिकेत क्लार्क नावाच्या कारखान्याने स्वतःच्याच कामासाठी माल वाहणारी छोटी गाडी बनवली, पाहुण्यांनी बघितली आणि मागायला सुरुवात केली. त्यातून सुधारत सुधारत आजची फोर्कलिफ्ट झाली. दुसऱ्या महायुद्धात सैन्याचा माल हलवायला लाकडी पॅलेट सर्रास वापरात आले आणि गोदामाचं रूपच बदललं. माल एकेक न उचलता फळीसकट उचलायचा. आपण घरात डबे एकेक न आणता ताटात ठेवून आणतो, तोच प्रकार. आज भिवंडीच्या गोदामांमध्ये जाऊन बघा, घरपोच येणाऱ्या आपल्या वस्तू कुठल्या तरी पॅलेटवरून उतरलेल्या असतात.

आता आमच्या गटाची गोष्ट. आमचा बचत गट गहू आणि डाळी साफ करून पाकिटं विकतो. बाजार समितीच्या मागे पत्र्याचं छोटं गोदाम भाड्याने घेतलं आहे. पोती ५० किलोची. ट्रकमधून हमाल उतरवून देतात, पण आतल्या आत ती सरकवणं, चाळणीपाशी नेणं बायकांनाच करावं लागायचं. दोघी-तिघी मिळून कान धरून ओढायच्या. आमच्यातल्या एक मावशी दोन वर्षं दुखणं सोसत होत्या. शेवटी चक्कर येऊन बसल्या, दवाखान्यात नेलं, तेव्हा कळलं की अंग बाहेर आलंय. डॉक्टरीणबाईंनी जड उचलायला साफ मनाई केली. मावशी रडायला लागल्या. दुखण्यासाठी नाही. "आता मला गटातून काढणार का?" म्हणून.

त्या महिन्याच्या बैठकीत मी हँड पॅलेट घ्यायचा विषय काढला. हे साधं हाताचं यंत्र आहे. पॅलेटखाली सरकवायचं, दांडा चार-पाच वेळा खाली-वर करायचा, तेलाच्या दाबाने पॅलेट वीतभरापेक्षा कमी वर उचलला जातो आणि मग ढकलत न्यायचा. दोन टनांपर्यंतचा माल त्यावर जातो. ना वीज, ना डिझेल. किंमतही जुन्या दुचाकीएवढीच.

मला वाटलं, सगळ्या टाळ्या वाजवतील. झालं उलटंच. एक जण म्हणाली, "ताई, आज पोती ओढायला तिघी लागतात. उद्या एकटीच ढकलेल. मग दोघींनी घरी बसायचं का?" मला आमच्या स्लॅबचा दिवस आठवला. या वेळी मी चहा करायला गेले नाही. आम्ही दोन तास भांडलो, बोललो. शेवटी ठराव वहीत लिहिला तो असा: यंत्रामुळे कुणाचाही दिवस कमी करायचा नाही, वाचलेला वेळ पाकिटं भरायला लावायचा, यंत्र चालवायला प्रत्येकीने शिकायचं. आणि पहिल्यांदा मावशींनी.

यंत्र आलं तर पहिल्याच दिवशी फसलं! आमची जमीन उखणलेली, चाकं खड्ड्यात अडकायची. पोत्यांचा ढीग एका बाजूला कलंडला. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मग घरमालकाच्या मागे लागून गुळगुळीत कोबा करून घेतला, त्याचा निम्मा खर्च गटाने सोसला आणि त्या वर्षी बोनस वाटता आला नाही. एक जण नाराज होऊन दुसऱ्या गटात गेली. हेही सांगायला हवं. पण आज मावशी दांडा धरून भरलेला पॅलेट चाळणीपाशी नेतात. आधी जमीन बघतात, पोती सरळ रचलीत ना ते बघतात, कुणी वाटेत असेल तर ओरडतात. दवाखान्याचे उपचारही चालू आहेत. पाकिटं पूर्वीपेक्षा जास्त निघतात, म्हणून तिघींचे दिवस टिकले. उद्या मागणी घटली तर काय, हा प्रश्न आहेच. पण तेव्हाही सगळ्यांनी बसूनच ठरवायचं, हे आता पक्कं झालं आहे.

यंत्र म्हणजे सगळं सुखच, असंही कुणी समजू नये. १ ऑगस्ट २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गाच्या कामावर, शहापूर तालुक्यात, पुलाचे गर्डर उचलून बसवणारं अवाढव्य यंत्र कोसळलं आणि २० जणांचा जीव गेला. डोक्यावरचं घमेलं पडलं तर एकाला लागतं. यंत्र पडलं तर वीस घरांत अंधार होतो. म्हणून यंत्राचे नियम पाळायला हवेत. मालाच्या लिफ्टमध्ये माणसाने कधीही बसू नये. टांगलेल्या वजनाखालून जाऊ नये. तारेचे धागे सुटलेले दिसले की काम थांबवावं. फोर्कलिफ्ट तराजूसारखी असते, मागच्या वजनावर पुढचं वजन तोललेलं. म्हणून वजन जमिनीलगत ठेवूनच गाडी चालवायची, वर धरून वळवली तर उलटते. कारखाना कायद्याने माणसांच्या आणि मालाच्या लिफ्टची सहा महिन्यांनी आणि क्रेनसारख्या यंत्रांची वर्षाने जाणकाराकडून तपासणी सक्तीची केली होती. गावातल्या भाड्याच्या मिक्सरची लिफ्ट शेवटची कधी तपासली, हे कुणी विचारतं का? १८५४ साली एलिशा ओटिस यांनी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात स्वतः पाळण्यावर उभं राहून वरचा दोर कापायला लावला होता. पाळणा जागच्या जागी अडकला, पडला नाही. दोर तुटणारच असं धरून त्यांनी यंत्र बनवलं होतं. आपल्याकडे दोर तुटणारच नाही, असं धरून काम चालतं.

राहिला प्रश्न 'बाई आन् मशीनवर?' याचा. झारखंडमधल्या नोआमुंडीच्या लोहखाणीत टाटा स्टीलने बायकांना अवजड यंत्रांवर घेतलं. त्या डंपर आणि खोदाईची यंत्रं चालवू लागल्या. पूर्वी खाणीत बाईला रात्रपाळी करायची मनाईच होती, ती २०१९ मध्ये अटींवर उठली. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितेतही बाईची संमती आणि सुरक्षिततेची सोय असेल तर रात्रपाळी करता येते. म्हणजे कायद्याची अडचण फारशी उरलेली नाही. उरला आहे तो मुकादमाचा हसू येणारा प्रश्न, आणि आपलं गप्प बसणं.

नीट बघितलं तर यात एक उलटा न्याय दिसतो. जोवर काम डोक्याने, म्हणजे डोक्यावर घेऊन करायचं असतं, तोवर ते बाईचं. बटण आणि लिव्हर आलं, अंगातल्या ताकदीची गरज संपली, की ते पुरुषाचं! खरं तर ताकद लागत नाही म्हणूनच ते बाईला आधी मिळायला हवं होतं. पिठाची गिरणी आली, तेव्हा जातं थांबलं. पण किती गावांत गिरणीची मालकीण बाई आहे?

म्हणून मैत्रिणींनो, माझं सांगणं थोडकं आहे. आपल्यापैकी पुष्कळजणी घर बांधतात, दुकान वाढवतात, गट चालवतात. आपण मालकीण असू तिथे लिफ्ट, मिक्सर, हँड पॅलेट जरूर आणावं. पण आणण्याआधी विचारावं की कामावरच्या बायकांचं काय होणार, आणि यंत्रावर एका बाईला शिकवायची अट कंत्राटदाराला घालावी. काम सुरू व्हायच्या आधी घातलेली अट पाळली जाते, नंतरची हसण्यावारी जाते. कामावरच्या बायकांची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी आहे का, तेही विचारावं. त्यासाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो द्यायचा कंटाळा मालकच करतात. आपण करू नये. आणि बाळंतीण बाई डोक्यावर घमेलं घेताना दिसली, तर तिला चहा देऊन समाधान मानू नये. खाली बसून करायचं काम तिला त्याच मजुरीत द्यायला लावावं.

ती मला अजून अधूनमधून दिसते. मूल आता अंगणवाडीत जातं. गेल्या महिन्यात आमच्या मंडळाचं काम निघालं, एका खोलीचा स्लॅब. मी मुकादमाला आधीच सांगितलं की लिफ्टवर शिकायला ही असेल, आणि तिची हजेरी यंत्रावरच्या माणसाइतकी. तो या वेळीही हसला. पण स्लॅबच्या दिवशी लिव्हरजवळ त्या मुलाच्या शेजारी ती उभी होती. पहिल्या दोन बादल्या त्याने चढवल्या, तिसरी तिने. बादली वर पोचली तेव्हा तिने चुंबळीचं फडकं डोक्यावरून काढून हात पुसले आणि म्हणाली, "आता चौथी बी मीच नेते."